सेमेरूच्या यादीतली सहावी जागा

अन्याय झाला तो नागपूरच्या आमच्या भूशास्त्र विभागात दगड घासणाऱ्या भाऊंवर. आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या ऑगस्टात, महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी पावणेचार वाजता. वेळ पक्की सांगते, कारण मी तेव्हा कार्यालयाच्या खिडकीशी उभी होते. जावा बेटावरच्या सेमेरू नावाच्या जागत्या ज्वालामुखीवर चढायला जाणाऱ्या सहा जणांची यादी आत टाइप होत होती. टंकलेखकाने सहाव्या नावावर एक्सची रांग ओढली आणि त्याच्या वर दुसरं नाव बसवलं. खोडलेलं नाव भाऊंचं होतं. मी ते वाचलं नाही. मी फक्त माझं नाव शोधत होते, आणि ते पाचवं होतं.

या लिखाणात कुणाचंच नाव येणार नाही. का, ते पुढे कळेल.

भाऊ कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर. प्रत्यक्षात सगळा विभाग त्यांच्या बोटांवर चालायचा. दगडाचा बिस्किटाएवढा तुकडा कापून काचपट्टीवर चिकटवायचा, मोठ्या काचेवर पाणी आणि कार्बोरंडमची पूड कालवायची, आणि त्यावर तो घासत राहायचा. इतका घासायचा की दगडातून उजेड आरपार गेला पाहिजे. मग तो काप आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली यायचा, आम्ही वहीत रंगीत चित्रं काढायचो आणि मार्क मिळवायचो. एका कापाला अर्धा दिवस जातो. दोन हात जास्त फिरले की दगडच संपतो, काचेवर पांढुरकं पाणी उरतं. बावीस वर्षं भाऊ हे काम करत होते. कापायच्या चाकाला दगड लागला की नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, हा रामटेककडचा, हा बर्डीचा.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, जानेवारीत, मी त्यांच्या खोलीत माझ्या कापाची वाट बघत बसले होते. ते सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड घासत होते. हात न थांबवता म्हणाले, "हा कायचा हाय, माहीत हाय का तुले?"

"बेसाल्ट."

"नाव नको सांगू वं. नाव तं मलेही येते. हा वाहत होता ना?"

"हो. लाव्हा होता. पश्चिमेकडून थरावर थर आले."

"मंग इथीच थांबला काहून? नागपुरापर्यंत आला, भंडाऱ्याले काहून नाही गेला?"

पुस्तकात नकाशा होता, नकाशात काळा रंग नागपूरपाशी संपत होता, आणि आम्ही तो रंग परीक्षेत बरोब्बर तिथेच संपवत होतो. तो तिथेच का संपतो, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी विभागप्रमुख सरांना विचारलं. सर वीस मिनिटं बोलले. थर कसे पातळ होत गेले, कडा कशा झिजल्या, आधीची जमीन कशी उंचसखल होती, सगळं सांगितलं आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "खरं सांगू, नीटसं कुणालाच माहीत नसावं." बर्डीवर मी लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन. त्या संध्याकाळी घरी जाताना टेकडीकडे बघितलं तेव्हा ती मला पहिल्यांदाच थांबलेली दिसली. म्हणजे आधी चालत असलेली आणि मग थांबलेली.

दुसऱ्या दिवशी सरांचं उत्तर मी भाऊंना सांगितलं. ते हसले. मग हात पुसून त्यांनी दगडांच्या कपाटाकडे बोट केलं. "हे सारे म्हातारे हायेत. कोणी सहा कोटी वर्षाचा, कोणी शंभर कोटीचा. बावीस वर्षं झाले, रोज म्हाताऱ्यायचीच मालिश करून राहिलो मी. मले एकडाव माह्याहून लहान दगड पाहाचा हाय."

मी हे वाक्य तेव्हाच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. आमच्या विभागात इतकं सरळ कारण घेऊन कुणी भूशास्त्र शिकायला आलेलं नव्हतं, मीही नाही.

योग असा की त्याच महिन्यात सरांना जावामधून पत्र आलं. एका परिषदेत ओळख झालेले तिथले प्राध्यापक लिहीत होते: तुमच्या विभागातले सहा जण दिवाळीच्या सुट्टीत पाठवा, पायथ्यापासूनची सोय आम्ही करू, सेमेरू चढून जा. सरांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. सेमेरू म्हणजे आपला मेरूच, तिथल्या लोकांनी पर्वताला ते नाव दिलंय. उंची बारा हजार फुटांवर. दर पंधरा-वीस मिनिटांनी तो धुराचा आणि राखेचा एक लोट सोडतो. माथ्याखालचा चढ नुसत्या राखेचा आणि खडीचा, दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली घसरतं. आणि सकाळी नऊ-दहाच्या आत माथा सोडावा लागतो, कारण नंतर वारा फिरतो आणि विषारी वायू चढणाऱ्यांच्या अंगावर येतो.

सरांनी सहा जण ठरवले. ते स्वतः, तीन मुलगे, मी आणि सहावे भाऊ. भाऊंचं नाव सरांनीच घेतलं, हे मी मुद्दाम नोंदवते. म्हणाले, "दगड गोळा करणं, बांधणं, उचलणं, हे तोच नीट करेल." भाऊ दारात उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचा डबा खाताना भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर बसू लागले.

मग सुरू झाली तयारी. दर मंगळवारी संध्याकाळी विभागाच्या संग्रहालयात आम्ही जमायचो. तीन मुलग्यांपैकी एक नागपूरच्या जुन्या महाल वस्तीतला होता, माझा वर्गमित्र, त्याला मी महालवाला म्हणते. बाकीचे दोघे मान डोलवायला असायचे. महालवाल्याने पहिल्याच बैठकीत टेबलावर घड्याळ ठेवलं. पंधरा मिनिटं झाली की तो शांतपणे म्हणायचा, "उडाला." बोलणं थांबायचं. आम्ही सगळे क्षणभर गप्प बसून समुद्रापलीकडे तो लोट वर जाताना बघायचो. सरसुद्धा. मग पुन्हा चर्चा.

आता आमची चूक सांगते. ज्वालामुखी म्हटल्यावर नागपूरच्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते, ऊन. उन्हाशी कसं वागायचं हे आम्हाला जन्मतः येतं. त्यामुळे यादी भराभर झाली. डोक्याला बांधायला ओले दुपट्टे, खिशात कांदे, थर्मासमध्ये कैरीचं पन्हं, मिठाच्या गोळ्या, सहा छत्र्या. सरांनी यादीवर सही केली. सराव कधी करायचा, यावरही वाद झाला नाही. मे महिन्यात, दुपारी बारा ते तीन. ज्याला ते सोसलं, त्याला सेमेरू सोसेल.

सरावाची जागा भाऊंनी सुचवली. मनसरकडे मँगनीजच्या खाणीबाहेर टाकाऊ दगडांचे ढीग आहेत, टेकड्यांएवढे. भाऊंचं गाव तिथूनच जवळ. त्यांची आई त्या ढिगांवर टोपल्यांनी दगड वाहायची, आणि नोकरी लागेपर्यंत तेही. मेच्या पहिल्या रविवारी आम्ही एसटीने तिथे गेलो. डोक्याला ओले दुपट्टे, खिशात कांदे. ढिगाशी काम करणाऱ्या बायका आमच्याकडे बघून थांबल्या.

एक म्हातारी भाऊंना ओळखत होती. तिने विचारलं, "काय गा, हे शिकेल पोट्टे इथी काहून आणले?"

"चढाले शिकून राहिले, मावशी."

"शिक्षण कमी पडलं का? टोपले देऊ?"

सगळ्या हसल्या. आम्ही चढायला लागलो. मी दहा पावलं वर गेले आणि सात पावलं खाली आले, दगडांसकट. महालवाला चार हातपायांवर होता. सर ढिगाच्या पायथ्याशी छत्री धरून "तोल सांभाळा" एवढंच सांगत होते. भाऊ आमच्या शेजारून वर गेले, तेही खाली न बघता. मग उतरून माझ्यापाशी आले.

"तू टाच टेकवून राहिली. टाच नाही टेकाची. बोटं रोवाचे, लाथ मारल्यासारखे. अन सरळ नाही जाचं, आडवं जाचं. बायका कशा जाते पाह्य."

मी पाहिलं. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका ढिगावर नागमोडी जात होत्या. प्रत्येक पाऊल आधीच्या बाईच्या पावलाच्या खड्ड्यात पडत होतं. कुणीही मध्ये उभं राहत नव्हतं.

"अन थांबाचं नाही," भाऊ म्हणाले. "दम लागला तं हळू चालाचं. पण उभं राह्यलं का गेलं."

त्या महिन्यात चार रविवार आम्ही तिथे गेलो. चौथ्या रविवारी मी न घसरता वर पोचले. वर उभं राहून खाली पाहिलं तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न आला, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता: घसरत्या जमिनीवर चालायचं हे ज्ञान या बायकांना कुणी शिकवलं, आणि आमच्या अभ्यासक्रमात ते का नाही? त्यावर मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. अर्धवट राहिलं. दुसरं पत्रक आडवं आलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

जुलैच्या एका मंगळवारी बैठक चालू होती. महालवाल्याने "उडाला" म्हटलं आणि आम्ही गप्प झालो. भाऊ कपाटं पुसत होते. त्या शांततेत ते म्हणाले, "साहेब, एक विचारू का?"

"विचार."

"या फोटोतल्या माणसानं कानटोपी काहून घातली हाय?"

संग्रहालयात दगडांच्या एका पेटीवर कुठल्याशा ज्वालामुखीचा जुना फोटो टांगलेला होता. तोंडातून निघणारा धूर, आणि काठावर उभा असलेला एक माणूस. आम्ही सगळ्यांनी तो फोटो हजारदा पाहिला होता. आम्ही धूर पाहिला होता. भाऊंनी आठवड्यातून दोनदा ती काच पुसताना माणूस पाहिला होता. लोकरीची कानटोपी, हातात मोजे, गळ्याशी गुंडाळलेला मफलर.

सर उठले, फोटोजवळ गेले. मग फळ्यापाशी गेले आणि खडू घेऊन उंचीप्रमाणे तापमान किती उतरतं त्याचं गणित मांडू लागले. हे गणित ते दरवर्षी शिकवतात. बारा हजार फूट, पहाटेची वेळ. शेवटचा आकडा लिहिला तो गोठणबिंदूच्या जवळचा होता. टेबलावर आमच्या सामानाची यादी होती, तिच्यावर दुसऱ्या क्रमांकाला कांदे होते.

महालवाला म्हणाला, "म्हणजे आपण वर जाऊन थंडीनं मेलो असतो, अन खिशात कांदे."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, वाचवलंस." हा हात मला नीट आठवतो, कारण पुढे तो हात खांद्यावरून गेला.

त्यानंतर सगळी यादी उलटी झाली. नागपुरात जुलैमध्ये लोकरी कपडे शोधणं म्हणजे काय ते ज्याने शोधलेत त्यालाच कळेल. सदर बाजारातल्या एका दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई विणायच्या, त्यांच्याकडे गेले. त्यांनी सहा कानटोप्या विणायला घेतल्या. भाऊंच्या डोक्याचं माप घ्यायला दोरा घेऊन मीच गेले होते. ते संकोचून म्हणाले, "माही टोपी सैल ठेवजो म्हणा, खाली दुपट्टा राहीनच."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग वरून विचारणा आली, यादीत मुलगी कशी? वर म्हणजे संस्थेचे पदाधिकारी. मुलीची जबाबदारी कोण घेणार, रात्री तंबूत राहावं लागेल, घरच्यांनी बोट दाखवलं तर काय, वगैरे. सरांनी मला बोलावून सांगितलं की तुझं नाव राहणं कठीण आहे.

मी पत्रक काढलं. तेव्हा मला दुसरं काही येत नव्हतं, आजही फारसं येत नाही. शीर्षक दिलं, "ज्वालामुखीला मुलींचं वावडं आहे का?" मनसरच्या ढिगावर टोपली घेऊन चढणाऱ्या बाईची जबाबदारी आजवर कुणी घेतली, असा सवाल केला. स्टेन्सिल कापली. विभागाचं सायक्लोस्टाइल यंत्र जुनं होतं, त्याचं हँडल एका ठिकाणी अडकायचं आणि ते कसं सोडवायचं हे फक्त भाऊंना माहीत होतं. तेव्हा माझ्या पत्रकाच्या सगळ्या प्रती भाऊंनी फिरवून काढल्या. बाह्या वर करून, शाईने बोटं काळी करून. एक प्रत वाचली आणि म्हणाले, "चांगलं झोंबते." फाटकापाशी, सदरच्या बसथांब्यापाशी, मुलींच्या वसतिगृहात, सगळीकडे आम्ही ती वाटली. एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या.

आठ दिवसांत पदाधिकारी नमले. मुलगी जाऊ शकते. अट एकच, सोबत एक महिला कर्मचारी हवी.

आणि मग तो शुक्रवार. पाचवं नाव माझं. मी खिडकीतूनच महालवाल्याला हाक मारली, आम्ही चहा प्यायलो, भजी खाल्ली. सोमवारी यादी फलकावर लागली. महालवाला ती वाचून माझ्याकडे आला. त्याचा चेहरा नेहमीचा नव्हता.

"भाऊ कुठी गेला?"

"कुठे जाणार? खोलीत असतील."

"यादीतून कुठी गेला म्हणून राहिलो मी."

सहावं नाव रेक्टरबाईंचं होतं.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. सर वाईट माणूस नाहीत. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो, पत्रकांत अशी वाक्यं नसतात. पण नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "पत्रात सहा म्हटलंय. सहा म्हणजे सहा. विद्यार्थी काढू? मी निघू? मग राहिला कोण?"

"सर, कानटोपी कुणी पाहिली?"

"मला आठवतंय."

"चालायला कुणी शिकवलं?"

"तेही आठवतंय. पण वर काय सांगू? परिचर जातोय आणि विद्यार्थी राहतोय, असं सांगू?"

"मी माझं नाव मागे घेते."

सरांनी खणातून एक कागद काढला. "घे. मग बाईंचंही जाईल. दोन जागा होतील. ही प्रतीक्षा यादी बघ. दोघंही विद्यार्थी आहेत. तुझ्या जागेवर भाऊ येणार नाही."

हे खरं होतं, आणि माझ्या सोयीचंही होतं. मी नाव मागे घेतलं नाही.

भाऊंच्या खोलीत गेले तेव्हा ते काप घासत होते. मी सांगितलं की पत्रक काढते, आजच्या आज, नावानिशी. त्यांचा हात थांबला. दगड घासताना त्यांचा हात थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"माहं नाव नाही टाकाचं."

"का?"

"नोकरी हाय माही. तू वर्षभरानं जाशीन. मले इथीच राहाचं हाय."

"मग माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"तुहं काही नाही चुकलं, पोरी. तुले वाटते तुह्यामुळं माही जागा गेली. जागा माही होती कुठी? साहेबानं ठेवली तोवर होती."

ते पुन्हा घासायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिथी गेल्यावर दगड गरम लागते का थंडा, ते नीट पाहून येजो. हात लावून. अन मले खरं सांगजो." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना तेव्हाही उत्सुकताच होती.

रेक्टरबाईंकडेही गेले, भांडायच्या तयारीने. त्या विणत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि सुया खाली ठेवल्या.

"मी रामटेकच्या पायऱ्या चढताना तीनदा बसते गं. मी ज्वालामुखीवर काय करू?"

"मग नाही म्हणा."

"म्हटलं. तोंडी म्हटलं, लेखी म्हटलं. तर म्हणाले, तुम्ही चढू नका, पायथ्याशी बसून राहा. नियमाला एका बाईचं नाव लागतं."

म्हणजे सहा जागांपैकी एक जागा पायथ्याशी बसण्यासाठी ठेवली होती, आणि चढता येणारा माणूस नागपुरात राहणार होता. मी ज्यांच्याशी भांडायला गेले त्या बाईंनाही ती जागा नको होती. घरी येताना मला पहिल्यांदा नीट दिसलं की भांडण माझं आणि भाऊंचं नव्हतंच. मुलगी हवी की परिचर, असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. एक अट घातली गेली होती, आणि त्या अटीने ज्याच्यामागे कुणी नव्हतं त्याला बाजूला सारलं. मला ती अट दिसायला हवी होती. माझ्या पत्रकाच्या विजयात ती अट होती आणि मी तिच्यावर भजी खाल्ली.

अडीच आठवडे मी यादीत राहिले. मग जावाहून तार आली. सेमेरू जास्तच धुमसायला लागला होता, राखेचा चढ बंद केला होता, या वर्षी येऊ नये. सगळे हळहळले. मी सुटल्यासारखा श्वास घेतला, आणि त्याची मला अजून लाज वाटते. भाऊंनी मला विचारलं, "जास्त धुमसते म्हणजे किती वं? दर दहा मिनटानं?"

त्याला आता दोन वर्षं झाली. मी पास झाले, विभाग सोडला, पत्रकं लिहायचं सोडलं नाही. सेमेरूची फाइल मात्र मिटली नाही. या उन्हाळ्यात त्या प्राध्यापकांचं पुन्हा पत्र आलंय: वाट उघडली आहे, सहा जण पाठवा. आता विभागात दुसरी एक मुलगी शिकते, तिचं नाव घेतलं गेलंय, आणि ते राहिलंच पाहिजे. दसऱ्यानंतर यादी वर जाणार आहे. नियम तोच आहे, महिला कर्मचारी हवी. रेक्टरबाईंनी पुन्हा लेखी नकार दिलाय आणि पुन्हा त्यांचं नाव ठेवलं गेलंय.

गेल्या महिन्यात मी भाऊंना भेटायला गेले. चाक चालू होतं. निवृत्तीला आठ महिने उरलेत. निवृत्त झालेल्या परिचराला कुठलाही विभाग कुठेच पाठवत नाही, हे सांगायला नको. म्हणजे दिवाळीची ही सुट्टी, नाहीतर नाही. मी पुन्हा तेच विचारलं, लिहू का?

ते बराच वेळ घासत राहिले. मग म्हणाले, "लिही. पण नाव नको. माहंही नको, साहेबाचंही नको. जे झालं तेवढंच लिही. ज्याले समजाचं त्याले समजते."

म्हणून नावं नाहीत. जे झालं तेवढं लिहिलंय.

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, हळहळ आमच्याकडे पुष्कळ आहे. एक पोस्टकार्ड घ्या. त्यावर दोन वाक्यं लिहा: मुलीबरोबर महिला कर्मचारी हवी ही अट काढून टाका. त्या जागेवर दगड घासणाऱ्या भाऊंना पाठवा. खाली तुमची सही करा, पूर्ण नावाची, कारण तुमची नोकरी या पोस्टकार्डाने जाणार नाही. विभागप्रमुख, भूशास्त्र, नागपूर, एवढा पत्ता पुरतो, पोस्टमन भाऊंना ओळखतो. आणि हे दसऱ्याच्या आत करा. आज करा.